भरून येण्याचा वेग

कृषी पदवीच्या प्रवेशअर्जाला घरच्या जमिनीचा सात-बारा जोडला की गुणांवर अधिभार मिळतो. शेतकऱ्याच्या मुलाला मिळणारा हा हातभार रास्तच आहे. मात्र या सवलतीच्या आडून एक समज वर्षानुवर्षे मुरत गेला आहे : शेतीचे शिक्षण ज्याला जमीन आहे त्याचे. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीच्या घरात बारावीचा निकाल लागतो तेव्हा इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, आयटी अशी यादी फिरते, आणि कोणी कृषीचे नाव काढलेच तर ‘आपली कुठे शेती आहे?’ या एका प्रश्नात ते निकालात निघते. या पुस्तकाचा विषय नेमका त्या प्रश्नापाशी सुरू होतो. पाणी, माती, जंगल, गवत, मासळी, शेणखत, पेंढा ही सगळी साधने वापरली तरी पुन्हा भरून येतात. पण प्रत्येकाचा भरून येण्याचा वेग ठरलेला असतो, आणि त्या वेगापेक्षा जास्त उपसले की ती खाणीतल्या दगडासारखीच संपतात. हा वेग मोजायचा कसा, घ्यायचे किती आणि परत द्यायचे किती, याचा हिशेब शिकवणारी विद्यापीठातली शाखा म्हणजे कृषी आणि तिच्या सोबतच्या वन, मत्स्य, मृदा-जलसंधारण या विद्याशाखा. माझे म्हणणे असे की, महाराष्ट्रात हा हिशेब ज्यांना सर्वाधिक लागतो त्यांत ठाणे-कल्याणचा पट्टा अग्रभागी आहे, आणि तिथल्या भूमिहीन शहरी विद्यार्थ्यानेही तो शिकायला हवा, कारण उपसा मुख्यतः त्याच्याच नळावाटे होतो.

पाण्यापासून सुरुवात करू. माळशेज आणि कसाऱ्याच्या डोंगररांगांवर पडणारा पाऊस काळू, भातसा, बारवी अशा नद्यांनी उल्हासच्या खोऱ्यात उतरतो आणि वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळतो. या भागात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे एका एकरावर चार महिन्यांत सुमारे १ कोटी लिटर पाणी पडते. ग्रामीण भागासाठी सरकारने माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला लाखभर लिटर पाणी लागेल. एका एकरावरचा पाऊस शंभर कुटुंबांना वर्षभर पुरावा असे हे गणित, आणि तरी शहापूर तालुक्यातल्या वाड्यापाड्यांना मार्च उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्यात १८९२ सालापासून मुंबईला पाणी देणारा तानसा आहे, आणि भातसाही आहे. मुंबईच्या सात जलाशयांची मिळून साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, त्यातली ७ लाख १७ हजार एकट्या भातसाची. मुरबाडकडच्या बारवी धरणाची उंची वाढवून त्याची साठवण सुमारे २३४ वरून ३४० दशलक्ष घनमीटरपर्यंत नेली गेली. ते पाणी औद्योगिक विकास महामंडळामार्फत कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर, ठाणे या शहरांना आणि कारखान्यांना जाते, आणि त्यासाठी मुरबाड तालुक्यातली गावे उठली. शहराचे प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. धरणाच्या काठावर ५५, दूरच्या शहरात १३५.

हा अन्याय आहे, आणि त्यावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. पण अन्याय म्हणून थांबले तर तोड निघत नाही, कारण भातसाचे सगळे पाणी उद्या शहापूरला दिले तरी डोंगरावरच्या पाड्यापर्यंत ते चढवायचे कसे, हा प्रश्न उरतोच. पाड्याचे पाणी पाड्याच्या वरच्या उतारात साठले पाहिजे, धरणात नव्हे. खाली बेसॉल्टचा कठीण खडक, वर हातभर मातीचा थर आणि उतार तीव्र, अशा जागी पावसाचे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. ते कुठे अडवले तर मुरेल, कुठे अडवले तर नुसते साचून उडून जाईल, वरकस जमिनीवर कोणते गवत आणि कोणती झाडे ठेवली तर झरा फेब्रुवारीऐवजी एप्रिलपर्यंत टिकेल, हा मृदा-जलसंधारणाचा रोजचा अभ्यासक्रम आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला उपाय सुचवले, त्यांत शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाबरोबरच पावसाचे पाणी शेतात मुरेल असे बांध ठिकठिकाणी घालावेत, असेही सांगितले. शिक्षण आणि बांध या दोन गोष्टी त्यांनी एकाच यादीत घातल्या. आपण मागाहून त्यांची ताटातूट केली. शिक्षण एका खात्याकडे गेले आणि बांध दुसऱ्याकडे.

विद्यापीठीय शिक्षणातही अशी ताटातूट झाली आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पुण्यात १८७९ साली सायन्स कॉलेजात शेतीचे वर्ग निघाले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. कर्जतला भातसंशोधन केंद्र आले ते १९१९ साली. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतल्या धर्तीवर, म्हणजे अध्यापन, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली आणणारे, पहिले कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगरला झाले. कोकणासाठी दापोलीचे विद्यापीठ १९७२ सालचे. आज त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव आहे आणि ठाणे जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. चार वर्षांच्या पदवीत मृदाशास्त्र, कृषिविद्या, वनस्पतिरोग, कीटकशास्त्र, अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण असे विषय. वनविद्या, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी, मत्स्यशास्त्र यांच्या पदव्या निराळ्या. विभाग निराळे, प्रयोगशाळा निराळ्या, प्राध्यापकांच्या बढतीचे निकष निराळे. नदी मात्र एकच. तिच्या उगमाशी वनविद्येचा विद्यार्थी, मधल्या भातखाचरात कृषीचा आणि मुखाशी मत्स्यशास्त्राचा अशी तिघांची वाटणी झाली, की वरच्याने घेतलेल्या निर्णयाचे ओझे खालच्यावर किती पडते हे कोणीच मोजत नाही. या पुस्तकातली प्रकरणे विषयवार न लावता वरून खाली, डोंगरापासून खाडीपर्यंत लावली आहेत ती यासाठी.

शिकलेल्यांनी शेतकऱ्याला काय शिकवायचे, त्याला पिढ्यान्‌पिढ्या सगळे ठाऊक आहे, असा आक्षेप या विषयावर हटकून येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. राबाचे उदाहरण घेऊ. फाल्गुन-चैत्रात भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण पसरायचे, त्यावर ऐनाचे टहाळ, पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेने पेटवायचे. तणाचे बी जळते, राखेतून पालाश-स्फुरद मिळते, माती भुसभुशीत होते, आणि पहिल्या पावसावर टाकलेले बी जोमाने उगवते. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी वनखाते राबासाठी होणाऱ्या फांद्यांच्या तोडीवर डोळा वटारून होते. तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या मराठी सहकाऱ्यांना घेऊन राबाचा रासायनिक अभ्यास केला. तो १९१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. राबाचा गुण राखेत आहे की मातीला बसणाऱ्या आचेत, हा त्यांचा प्रश्न होता. अडाणीपणा म्हणून हिणवलेल्या रीतीला प्रयोगशाळेत नेऊन तिचे म्हणणे ऐकून घेण्याची ही चाल मला आपल्याकडच्या कृषिशिक्षणातली सर्वांत चांगली परंपरा वाटते. ती दुर्दैवाने पुढे बारीक झाली.

पण शेतकऱ्याचे ज्ञान एका विशिष्ट वेगाला बांधलेले असते, आणि तो वेग बदलला की ज्ञान खरे असूनही कमी पडते. जंगल दाट आणि माणसे थोडी असताना एका शेतकऱ्याच्या राबाला लागणारे टहाळ पुढच्या वर्षीपर्यंत फुटून येत. आज झाडे विरळ आहेत, गुरे कमी झाली म्हणून शेण कमी, आणि चिखलणी-आवणीला लागणारी तरणी माणसे भिवंडीच्या गोदामांत हमाली करतात. इथे मोजणाऱ्याची गरज पडते. कोकणातल्या भाताचा अभ्यास करणारे डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पेंढा किंवा तुसाची राख रोपवाटिकेत आणि शेतात परत घालायची. बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा. १५ आणि २५ सेंटीमीटर असे आलटून-पालटून अंतर राखून नियंत्रित लावणी करायची. आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचायची. युरिया वरून फेकला तर मोठा भाग हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो; खोल गेलेली गोळी मुळांना हळूहळू पुरते. राबाचे काम गिरिपुष्प आणि तुसाने उचलले, तेही जंगलाला हात न लावता. कर्जत तालुक्यात चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेले सगुणा राइस तंत्र याहून धीट आहे : कायम गादीवाफे, नांगरट नाही, चिखलणी नाही, आवणी नाही, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. त्याने माती वाहून जाणे थांबते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो, हे त्याचे बळ. तणनाशकावर ते टेकलेले आहे, ही त्याची उणी बाजू. या दोन पद्धतींत डावे-उजवे कोणते, याचे उत्तर घोषणांनी मिळत नाही. कोणत्या उतारावर, किती मजूर हाताशी असताना, खालच्या विहिरीत तणनाशक किती उतरते हे तपासून ते मिळते, आणि तपासणारा माणूस दोन-चार हंगाम एकाच जागी टिकावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त रोखठोक असतो : इथे शेती उरलीच कुठे? कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली झाली तेव्हा आत घेतलेली २७ गावे २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली. त्यांतल्याच भागात विकास केंद्रासाठी दहा गावांमधली हजार हेक्टरांहून अधिक जमीन नेमली गेली. शहापूर-भिवंडीतून समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत येऊन पोचला. जमिनीचा भाव ऐकून कोण भात लावील? प्रश्न खरा आहे. पण भातखाचर म्हणजे केवळ भाताचा कारखाना अशी समजूत धरली तरच या प्रश्नाने वाद संपतो. खाचराला बांध असतो. त्यात १५ सेंटीमीटर पाणी उभे राहिले तर एका हेक्टरात १५ लाख लिटर पाणी थोपते. त्या हजार हेक्टरांपैकी निम्मी जमीन खाचरांची धरली तर एका मुसळधार दिवसात ७५ कोटी लिटर पाणी नाल्यात न उतरता जागीच उभे राहत होते, फुकट. त्यावर भराव पडला की तेवढे पाणी त्याच दिवशी खालच्या वस्तीत जाणार. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले, ते चित्र सर्वांनी पाहिले. त्या पुराला एकच कारण नव्हते, आणि सगळा दोष भरावावर ढकलणे उथळपणाचे होईल. पण खाचरे गेल्यावर किती पाणी वाढले, हे आकडे मांडून सांगणारा एकही माणूस विकास आराखड्याच्या टेबलावर नसतो, हे मात्र खरे. नगररचनाकार असतो, वास्तुविशारद असतो, वकील तर असतोच. शेती संपत चाललेल्या जागीच शेतीची जाण असलेला माणूस टेबलावर लागतो, कारण शेतीबरोबर आणखी काय काय संपते आहे ते त्यालाच दिसते.

उलट्या दिशेचा हिशेब तर कोणी करतच नाही. डोंगरातून पाणी आणि बाजारातून धान्य, भाजी, दूध शहरात येते; परत काय जाते? २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती, आज ती बरीच जास्त असणार. जुनाच आकडा धरला तरी १३५ लिटरच्या प्रमाणाने रोज सुमारे १७ कोटी लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी. भारतीय आहारावरून केलेल्या अंदाजांनुसार माणसाच्या शरीरातून वर्षाला अडीच-तीन किलो नत्र बाहेर पडते. कमीत कमी धरा : वर्षाला ३,१०० टन नत्र, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या दीड लाख गोण्या. भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते. निम्मे नत्र वाटेत उडून गेले असे मानले तरी उरलेल्यात १५ हजार हेक्टर भात पिकेल. हे सगळे आज उल्हास, वालधुनी आणि खाडीत जाते. मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी उन्हाळ्यात नदी हिरवी गालिचासारखी दिसते ती जलपर्णी याच नत्र-स्फुरदावर पोसलेली असते. म्हणजे पीक निघतेच आहे, फक्त नको ते आणि नको तिथे. दरवर्षी ती काढायला पैसे खर्च होतात, पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर, कारण तिचे खाद्य चालूच असते.

मग सांडपाणी शेतात घाला, इतके ते सोपे नाही. घरगुती सांडपाण्यात कारखान्यांचे पाणी मिसळले की खताचे विष होते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने २०१४ साली हिरवा पाऊस आणि २०२० साली गुलाबी रस्ता पाहिलेला आहे. तिथल्या नाल्यातले पाणी कोणी डोळे मिटून पिकाला द्यावे असे कोणताच कृषी पदवीधर म्हणणार नाही. रुळांच्या कडेला रेल्वेच्या जमिनीवर पालक, लाल माठ, मुळा, अळू यांचे वाफे लोकलच्या खिडकीतून वर्षानुवर्षे दिसत आले आहेत. ‘अधिक धान्य पिकवा’ या जुन्या धोरणातून रेल्वेने ही जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना कसायला दिली. मोकळ्या जागेत अतिक्रमण झाले नाही, ताजी भाजी मिळाली, हे त्याचे पुण्य. पाणी मात्र बरेचदा शेजारच्या नाल्याचे. पालेभाज्या मातीतले शिसे आणि कॅडमिअम पानांत साठवतात, आणि पाने तर आपण खातो. तीच जागा फुलझाडांना, गवताला किंवा कुंपणाच्या बांबूला दिली तर धोका कितीतरी कमी. कोणत्या वाफ्यात काय लावावे, हे मातीचा नमुना घेऊन सांगणे मृदाशास्त्र शिकणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे. ते त्याला कधी कोणी दिलेले नाही. कचऱ्याचेही तेच. घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून २०१५ साली उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देणे थांबवले होते. पुढे आधारवाडीची कचराभूमी बंद झाली, उंबर्ड्याला ओल्या कचऱ्यापासून बायोगॅसचा प्रकल्प आला. त्यातून निघणारी मळी कोणत्या जमिनीला किती टन चालेल, तिच्यात प्लास्टिकचे कण आणि जड धातू किती, मुरबाडच्या शेतकऱ्याला ती वाहतुकीसकट परवडेल का, हे प्रश्न अभियंत्याच्या कक्षेबाहेरचे आहेत आणि आरोग्य निरीक्षकाच्याही.

खाडीच्या टोकाला हा विषय सर्वांत अवघड होतो. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भरतीचे पाणी बांध घालून अडवले आणि खार जमिनीत भात घेतले. १९७९ साली खार जमिनींच्या विकासाचा कायदा झाला, पनवेलच्या संशोधन केंद्राने क्षार सोसणारे पनवेल-१, पनवेल-२ असे भाताचे वाण दिले. पुढे बांधांची देखभाल सुटली, फुटलेल्या बांधातून खारे पाणी आत आले आणि त्यामागोमाग तिवरे उगवली. तिवरे आली की ती संरक्षित. २०१८ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीवर कडक बंदी घातली आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितले. ठाणे खाडीचे रोहित पक्ष्यांसाठीचे अभयारण्य २०२२ साली रामसर यादीत गेले. तिवरांचे मोल निर्विवाद आहे : मासळीची वीण, किनाऱ्याचे रक्षण, चिखलात कोंडलेला कर्ब. पण ज्याचा सात-बारा त्या तिवरांखाली आहे त्या शेतकऱ्याला यातले काही मिळत नाही, आणि मग रात्रीत भराव टाकणाऱ्या बिल्डरशी त्याचे सूत जुळते. पर्यावरणवादी कार्यकर्ता त्याला गुन्हेगार ठरवतो, तो कार्यकर्त्याला शहरी दीडशहाणा म्हणतो, आणि दोघांच्या भांडणात डंपर निघून जातो. तिवरांतल्या खेकडापालनाचे उत्पन्न, बांध दुरुस्त करून भात घेण्याचे उत्पन्न आणि शेतकऱ्याला द्यावा लागणारा मोबदला हे तीनही आकडे एकाच कागदावर मांडता येणारा माणूस हवा असेल तर त्याला मत्स्यशास्त्र, मृदाशास्त्र आणि कृषी अर्थशास्त्र या तिन्हींची तोंडओळख असली पाहिजे. कृषी विद्यापीठांनीच रासायनिक खतांची चटक लावली, त्यांच्या हाती निसर्ग सोपवायचा का, असे विचारणाऱ्यांना मी इतकेच म्हणेन की आरोपात तथ्य आहे. पण कर्जतसारख्या केंद्रांतल्या शतकभराच्या पावसाच्या, वाणांच्या आणि मातीच्या नोंदी ज्यांच्याकडे आहेत त्यांना वगळून हा हिशेब नव्याने मांडायला आणखी शंभर वर्षे लागतील.

राहिला पोटाचा प्रश्न. कृषी पदवीधरांतले कितीतरी जण पदवी हाती पडताच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात, हे उघड गुपित आहे, आणि शहरी विद्यार्थ्याची अडचण तर दुहेरी : १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. शिकून शेती करीन म्हटले तरी जमीन कुठून आणणार? म्हणूनच शेती करणे हा या पदवीचा एकमेव उपयोग मानणे सोडले पाहिजे. शहापूर-मुरबाडची भेंडी आखाती देशांत जाते. तिथे कीडनाशकाचा अंश मर्यादेबाहेर निघाला की आख्खी खेप परत येते, म्हणून फवारणीच्या नोंदी ठेवणारा, तपासणी करवून घेणारा माणूस शेतकरी गटांना लागतो आणि ते त्याला पगार देतात. वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाखाली दुसराच तांदूळ विकला जाऊ नये म्हणून वाणाची शुद्धता राखण्याचे काम आता कुठे सुरू होते आहे. सौर पंप, बायोगॅस, शेतमाल प्रक्रिया यांतही जागा आहेत. सगळ्यांना पुरतील इतक्या नाहीत, हे कबूल. मोठी जागा महापालिकांत आहे आणि ती अद्याप निर्माणच झालेली नाही. बारा-पंधरा लाखांच्या शहराला उद्यान अधीक्षक असतो, पण सांडपाण्यातले नत्र आणि बायोगॅसची मळी कुठे जाते हे पाहणारा मृदातज्ज्ञ नसतो, कारण सेवाभरतीच्या नियमांत ते पदच नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार कृषी पदवीतून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. अशा छोट्या पात्रतेची पदे आधी निघाली तर विद्यार्थी आपोआप येतील.

एक गोष्ट मात्र नियम न बदलताही होण्यासारखी आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्यांना ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहावे लागते. शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन माती परीक्षण, बीजप्रक्रिया, जनावरांचे लसीकरण अशी कामे ते करतात आणि शिवारफेरीचा नकाशा काढतात. या तुकड्यांपैकी एक तरी तुकडी निम्मा काळ बारवीच्या वरच्या पाड्यावर आणि निम्मा काळ कल्याणच्या सांडपाणी केंद्रावर ठेवावी. वरच्या पाड्यावर तिने झऱ्याचा विसर्ग दर आठवड्याला मोजावा, खाली मळीतले नत्र, शिसे आणि कॅडमिअम मोजावे, आणि दोन्ही तक्ते एकाच अहवालात द्यावेत. अडचण खर्चाची नाही, खात्यांची आहे. पाडा आदिवासी विकास विभागाच्या आणि वनखात्याच्या हद्दीत, धरण उद्योग खात्याच्या महामंडळाकडे, सांडपाणी केंद्र नगरविकास खात्याखालच्या महापालिकेचे आणि विद्यार्थी कृषी खात्याच्या विद्यापीठाचे. या सर्वांची परवानगी घेणारे एक पत्र कोणाला तरी लिहावे लागेल, आणि विद्यापीठाचे कुलसचिव किंवा पालिका आयुक्त यांपैकी कोणीही ते आधी लिहिले तरी चालेल.